साडेअकरा फेरे

माझी चावी साडेचार फुटी. खांद्यावर घेऊन निघालो
की अंधारात कुत्री ओळखतात, भुंकत नाहीत.
दांडा दोनदा वेल्डिंग केलाय
अक्कलकोट रोडच्या मौलालीनं. पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, आमच्या गल्लीला दहा मिनिटं
जास्त सोड की पाणी. फिटलं.

सोडलं.

गाव किती वाढलं, ते मला आकड्यात येत नाही.
फेऱ्यांत येतं.
टाकीखालचा हा वॉल्व्ह पूर्वी सहा फेऱ्यांत
टोकाला पाणी न्यायचा,
अंबुबाई बोद्दुलच्या घमेल्यापर्यंत, जिथं
विडीची पानं भिजत पडायची.
टोक म्हणजे तिचं घर. त्यापुढं ज्वारी.
मग तिच्या पुढं एक घर आलं. सात फेरे.
मग त्या घरापुढं रस्ता, रस्त्यापुढं चुन्याच्या रेघा,
सिमेंटचे खांब, कमान,
कमानीवर दोन हत्ती आणि नाव : गंगासागर विहार.
नळ नाही.
एक वीट न हलवता
अंबुबाई आता गावाच्या मध्यावर राहते.
वॉल्व्ह साडेअकरा फेरे घेतो. बारावा त्याच्यात नाही.
मी जोर लावून पाहिलाय.

दिवसाआड होतं पाणी, मग तिसऱ्या दिवशी, मग पाचव्या.
लोकांनी वार मोजायचे सोडले.
साखरपुडा कधी?
पाण्याच्या दुसऱ्या दिवशी.

येतात कुठून एवढे? इंडीहून, आळंदहून, मंगळवेढ्याहून,
आणि जातातही तेवढेच, रात्रीच्या गाड्यांनी, पुण्याला.
पोरं तिकडं, बंगले इकडं.
हत्तुरे मास्तरांच्या मुलानं दोन मजले चढवले,
वास्तुशांतीला हुग्गी जेवलो मी, वरून तूप.
कुलूप लागलं ते लागलंच.
आतला एक नळ कुणीतरी उघडा ठेवून गेलंय.
पाचव्या दिवशी त्या रिकाम्या घराची टाकी भरते,
वाहते, जिन्यावरून खाली येते
एकेक पायरी मोजत.
शेजारची मुलं तिथं पाय धुतात.
तीनदा कळवलंय ऑफिसात.

आणि मी? मीही वाढवलं की.
दीड गुंठा. सातबाऱ्यावर अकरा जण सामाईक.
महानंदा म्हणाली, भाड्यानं किती दिवस,
आणि कानातलं काढून ठेवलं
माझ्या ताटाशेजारी.
मी भाकरी कुस्करत राहिलो, नको इतकी बारीक.
दोन खोल्या, वर पत्रा.
लाइन आमच्या अलीकडं चारशे फुटांवर थांबते.
टँकरवाला इरफान दर खेपेला तेच विचारतो,
"चावी तुमच्याकडं, अन् पाणी माझ्याकडं?"
मी हसतो. ड्रमचे पैसे देतो.

रात्री तीनला वॉल्व्ह फिरवला की आधी हवा येते,
खोकते, कुणाला तरी शिव्या दिल्यासारखी.
मी दांड्याला कान लावतो. पाणी धरलं की दांडा
गुणगुणतो, मग गल्लीत दिवे,
नीळ्ळु वच्चिनय, नीर बंतु, पानी आया,
उठ गं, आलं,
आणि पाठोपाठ मोटरी,
त्यांची मात्र सगळ्यांची एकच भाषा.

परवा पाणी सोडून घरी आलो तेव्हा उजाडायचं होतं.
चावी खांद्यावरच राहिलेली.
दारापुढच्या मातीत तिचं टोक रोवलं.
वॉल्व्ह नाही, पाइप नाही, काळी माती नुसती.
आणि कान लावला. का, ते विचारू नका.
खाली काहीतरी घरघरत होतं.
पलीकडच्या प्लॉटवर बोअर पाडत असतील,
सातशे फुटांच्या खाली गेलेत म्हणे.

समोरच्या अर्ध्या भिंतीमागून नवा शेजारी,
तोंडात ब्रश, नाव अजून विचारलं नाही मी,
"आलं का ओ?"

"येतंय की," म्हणालो,
आणि चावीवर टॉवेल वाळत घातला.